होलब्रुकच्या पाठीशी

मॅनेजर ही एक शिवी आहे, हे मला वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी कळलं. तेही ऑफिसच्या पॅन्ट्रीत, एका हातात दुबईच्या करक, म्हणजे कडक दुधाळ चहाचा कागदी कप आणि तोंडात अर्धं बिस्किट असताना.

आमचे नवे साहेब क्लिफर्ड हे अमेरिकेतल्या टोलेडो गावचे. उंची सव्वासहा फूट, आवाज त्याहून उंच. ते मोबाईलवर त्यांच्या गावच्या टीमची, म्हणजे ‘टोलेडो हेरन्स’ची आदल्या दिवशीची मॅच बघत होते. हेरन म्हणजे बगळा. आता एखाद्या टीमने स्वतःला बगळे का म्हणवून घ्यावं हा प्रश्न मला तेव्हाच पडला होता, पण साहेबांना विचारण्यासारखा तो नव्हता. एवढ्यात साहेब मोबाईलवर ओरडले, “लुक ॲट धिस होलब्रुक! ही इज नॉट अ क्वार्टरबॅक. ही इज जस्ट अ मॅनेजर!”

आमची अनुपमा ‘झुरळ’ ज्या सुरात म्हणते, त्या सुरात साहेबांनी ‘मॅनेजर’ म्हटलं.

मी स्वतः अल कुसैसच्या इंडस्ट्रियल एरियातल्या या कंपनीत गेली चौदा वर्षं असिस्टंट मॅनेजर आहे. आमच्या थंडगार ट्रकांतून दूध, दही आणि फ्रोझन पराठे दुबई-शारजाच्या दुकानांत पोचतात. मॅनेजरची जागा नुकतीच रिकामी झाली होती आणि ती कुणाला द्यायची हे क्लिफर्डसाहेब ठरवणार होते. शहाण्या माणसाने अशा वेळी बिस्किट गिळून जागेवर जायचं असतं. मी बिस्किट गिळलं आणि म्हणालो, “सर, व्हॉट इज राँग विथ अ मॅनेजर?”

पॅन्ट्रीतला मायक्रोवेव्हसुद्धा बंद पडल्यासारखा वाटला.

साहेबांनी मला आपादमस्तक पाहिलं. “यू फॉलो द हेरन्स?”

आणि मी, गुणवंत खांबेटे, ज्याने त्या क्षणापर्यंत अमेरिकन फुटबॉलचं एक मिनिटही पाहिलं नव्हतं, तो म्हणालो, “होलब्रुक इज व्हेरी अंडररेटेड, सर.”

का म्हणालो, देव जाणे. माणूस तोंडघशी पडतो तो असाच, सपाट जमिनीवर.

साहेब हसले. म्हणाले, “ग्रेट. थर्सडे टीम मीटिंग. तुला पाच मिनिटं देतो. मला पटवून दे.”

घरी आल्यावर मी अनुपमाला सांगितलं, की मी एका माणसाची बाजू घेतली आहे. ती म्हणाली, “चांगलं केलंस. कोण आहे?” मी म्हटलं, “डॅनी होलब्रुक.” ती म्हणाली, “अकाउंट्समधला का?”

मग मी लॅपटॉप उघडला. या मॅचेस आपल्याकडे अपरात्री असतात, त्यामुळे मी संध्याकाळच्या जेवणाआधी रेकॉर्डिंग लावायला लागलो. पहिल्या दिवशी मला एवढंच समजलं, की या फुटबॉलमध्ये फूट बॉलला क्वचित लागतो. अकरा माणसं वाकून उभी राहतात. मधला माणूस स्वतःच्या दोन पायांमधून बॉल मागे देतो. तो ज्याच्या हातात येतो तो क्वार्टरबॅक. त्याच क्षणी समोरून म्हशीएवढी माणसं त्याच्या अंगावर धावतात. दोन-तीन सेकंदांत त्याने बॉल कुणाकडे तरी फेकायचा, नाहीतर त्या ढिगाखाली जायचं. चार प्रयत्नांत, म्हणजे त्यांच्या भाषेत चार ‘डाऊन’मध्ये, दहा यार्ड पुढे सरकलं, की पुन्हा चार प्रयत्न मिळतात. हे सगळं पाहून मला ऑफिसचीच आठवण झाली.

होलब्रुकचा गुन्हा असा, की तो लांब बॉल फेकत नाही. बाकीचे क्वार्टरबॅक बॉल असा भिरकावतात, की तो आकाशात जातो, लोक उभे राहतात, समालोचक किंचाळतो आणि निम्म्या वेळा तो बॉल शत्रूच्या हातात पडतो. होलब्रुक चार यार्डांवरच्या माणसाला हातात आणून दिल्यासारखा बॉल देतो. मग सहा यार्ड. मग तीन. दहा झाले, की पुन्हा पहिल्यापासून. त्यात बघण्यासारखं काही नाही. टाळ्या तर अजिबात नाहीत. त्याच्या स्वतःच्या गावचे लोकच इंटरनेटवर लिहितात, की हा माणूस बोअर आहे, याला घरी पाठवा, हा नुसता मॅनेजर आहे.

मला कळेना, की या माणसाला मी इतकी वर्षं कसा ओळखत नव्हतो.

दही वेळेवर दुकानात पोचलं, तर आजवर एकाही दुकानदाराने फोन करून “खांबेटे, काय सुरेख दही पोचवलंत!” असं म्हटलेलं नाही. एकदा ट्रक चाळीस मिनिटं उशिरा गेला, तर अकरा फोन आले. मी पेटलो. एक्सेल उघडलं. दोन संध्याकाळी खपून अकरा सीझनचे आकडे भरले, त्याची पिव्होट टेबलं केली आणि मला दिसलं, की गेल्या सहा वर्षांत शत्रूच्या हातात सगळ्यांत कमी वेळा बॉल देणारा क्वार्टरबॅक होलब्रुकच आहे. मी “अनुपमा!” म्हणून ओरडलो. ती गॅस बंद करून धावत आली. तिने टेबल पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “मला वाटलं तुला प्रमोशनचा मेल आला.”

आमच्या शेजारी उपेंद्र तांबोळकर राहतात. ते बँकेत आहेत, पण ते केवळ उपजीविकेसाठी. खरा व्यवसाय सल्ला. आमच्या बिल्डिंगमध्ये कुणाचा एसी गळो, कुणाच्या मुलाची ॲडमिशन अडो किंवा कुणाच्या घरी वरण करपो, उपेंद्र हजर. त्यांना बातमी लागलीच.

“गुणवंतराव, अहो, पाच मिनिटांत तुम्ही कुणाला काय पटवणार?” ते सोफ्यावर बसत म्हणाले. “आणि रिहर्सल? डायरेक्ट साहेबासमोर उभे राहणार?”

“आरशासमोर केली आहे.”

“आरसा प्रश्न विचारतो का? तुम्हाला ऑडियन्स हवा. थांबा.” आणि माझ्यादेखत त्यांनी मृणालिनीताईंना फोन लावला.

मृणालिनीताई आमच्याकडच्या मराठी मंडळींचा ‘शनिवार कट्टा’ चालवतात. महिन्यातून एकदा सकाळी अकरा वाजता व्याख्यान, मग साबुदाणा खिचडी. त्या शनिवारच्या वक्त्या ‘पचन आणि आपण’ या विषयावर बोलणार होत्या, पण त्यांचंच पोट बिघडलं होतं. ताईंना वक्ता हवा होता. विषय कुठलाही चालणार होता.

“छान! ‘उपेक्षित क्वार्टरबॅक’,” ताई फोनवर म्हणाल्या. “साहित्यिक वाटतं. फक्त गुणवंत, या वेळी हॉलच्या परवानगीचे पेपर तेवढे तुम्ही बघा हं. मी शुक्रवारपर्यंत अबू धाबीला आहे.”

मी दुसऱ्या दिवशी साहेबांना जाऊन सांगितलं, की गुरुवारऐवजी शनिवारी पूर्ण एक तासाचं व्याख्यान आहे. त्यांना मराठी येत नसल्याने ते ‘सुटलो’ म्हणतील, असा माझा अंदाज होता. ते म्हणाले, “यू आर डुइंग ॲन अवर? ऑन होलब्रुक? आय हॅव टु सी धिस.” त्यांनी कॅलेंडरमध्ये टाकलंसुद्धा.

झालं. आता मला निम्मं भाषण इंग्रजीत करायचं होतं.

हॉलच्या ऑफिसात गेलो, तर तिथल्या बाईंनी अर्ज दिला. कार्यक्रमाचा प्रकार: धार्मिक, वैद्यकीय, शैक्षणिक, विवाह, इतर. मी ‘इतर’वर खूण केली. त्या म्हणाल्या, “इतर लिहिलं तर मोठ्या साहेबांची सही लागते. मोठे साहेब सुट्टीवर आहेत.” मी ‘शैक्षणिक’वर खूण केली. त्या म्हणाल्या, “मग तुमचं शिक्षक असल्याचं सर्टिफिकेट?” विवाह शक्य नव्हता. शेवटी त्याच दयाबुद्धीने म्हणाल्या, “विषय अरबीत टाइप करून आणा. विषय बघून प्रकार मी ठरवते. यल्ला, चला लवकर, साडेबाराला बंद होतं.”

कोपऱ्यावर एक टायपिंग सेंटर होतं. तिथे बशीरभाई नावाचे गृहस्थ एका बोटाने इंग्रजी आणि दहा बोटांनी अरबी टाइप करतात. बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. माझ्यापुढे सात जण, सगळ्यांचे व्हिसाचे कागद. मी कागदावर इंग्रजीत ठळक अक्षरांत विषय लिहून दिला: ‘द अंडररेटेड क्वार्टरबॅक’. बशीरभाईंनी चष्मा वर केला. “ये क्या चीज है?”

“बशीरभाई, स्पोर्ट्स का है.”

“क्वार्टर मतलब पाव ना? और बॅक?”

माझा फोन वाजला. शारजात एक ट्रक बंद पडला होता. मी एका कानाने ड्रायव्हरशी बोलत, हाताने बशीरभाईंना ‘हो हो’ केलं. या ‘हो हो’बद्दल मी आजतागायत स्वतःला माफ केलेलं नाही. बशीरभाईंनी टाइप केलं, शिक्का मारला, “खलास!” म्हणाले. हॉलच्या बाईंनी अरबी वाचलं, आदराने माझ्याकडे पाहिलं आणि एका शब्दानेही न अडवता सही केली. मला वाटलं, अखेर होलब्रुकची किंमत कुणाला तरी कळली.

राहिला बॉल. प्रात्यक्षिकाशिवाय मजा नाही, असं उपेंद्रांचं मत. आम्ही दोघं शुक्रवारी दुपारी इंटरनॅशनल सिटीला, ड्रॅगन मार्टमध्ये गेलो. या बाजारात माणूस सोडून सगळं मिळतं. तीन तास चालल्यावर एका दुकानात लंबगोल, तपकिरी, पांढऱ्या टाक्यांचा बॉल दिसला. अगदी होलब्रुकच्या हातातल्यासारखा. घेतला. घरी आल्यावर माझी मुलगी अवनी हिने तो हातात घेऊन दाबला. बॉल “चीं!” असा ओरडला.

“बाबा,” ती म्हणाली, “धिस इज अ डॉग टॉय.”

“आकार बघ ना, आकार!”

“इट स्क्वीक्स, बाबा.”

उपेंद्र म्हणाले, “लांबून ऐकू येणार नाही.” म्हणून आम्ही बिल्डिंगमागच्या वाळूच्या पार्किंगमध्ये सरावाला गेलो. मी फेकायचा, उपेंद्रांनी झेलायचा. उपेंद्र क्रिकेटवाले, ते दोन्ही हातांची ओंजळ करून, डोळे आकाशाला लावून उभे राहत, आणि माझा बॉल त्यांच्या गुडघ्यावर येई. अकराव्या फेकीला तो एका लँड क्रूझरच्या काचेवर “चीं” करून आदळला आणि गाडीचा अलार्म सुरू झाला. त्याच्या आवाजाने शेजारच्या दोन गाड्यांनीही गळा काढला. बिल्डिंगचा नातूर, म्हणजे वॉचमन, धावत आला. त्याने आमच्याकडे, बॉलकडे आणि आमच्या वयाकडे आळीपाळीने पाहिलं. “सर, कुत्ता किधर है?” त्याने विचारलं. बिल्डिंगमध्ये कुत्रा पाळायला परवानगी नाही. कुत्रा नाही, फक्त खेळणं आहे, आणि त्याच्याशी आम्हीच खेळतो, हे त्याला पटवून देण्यात पाऊण तास गेला. मला वाटतं, कुत्रा आहे असं कबूल केलं असतं तर इज्जत जास्त राहिली असती.

शनिवारी साडेदहाला मी, अनुपमा आणि अवनी हॉलवर पोचलो. आमच्या कट्ट्याला एरवी वीस-बावीस माणसं येतात, त्यातली दहा खिचडीला. त्या दिवशी बाहेर रांग होती. मला भरून आलं. मी अनुपमाला म्हणालो, “बघितलंस? विषयात दम असला की लोक येतात.”

“हो,” ती म्हणाली. “पण सगळे वाकून का चालतायत?”

खरंच. रांगेत केरळी होते, पठाण होते, फिलिपिनो बाया होत्या, एक मिसरी, म्हणजे इजिप्तचे, आजोबा व्हीलचेअरवर होते. बऱ्याच जणांच्या हातात मोठे खाकी लिफाफे होते. एकीच्या कमरेला गरम पाण्याची पिशवी बांधलेली. दारावरच्या स्क्रीनवर अरबीत काहीतरी झळकत होतं. अवनी शाळेत दहावीपर्यंत अरबी शिकली आहे. ती स्क्रीनखाली उभी राहिली, तिने ओठ हलवत वाचलं आणि खाली बसून हसायला लागली.

“काय लिहिलंय?”

“बाबा... इट सेज... ‘फ्री मेडिकल लेक्चर ऑन द नेग्लेक्टेड क्वार्टर ऑफ द बॅक’.”

पाठीच्या दुर्लक्षित पाव भागाविषयी मोफत वैद्यकीय व्याख्यान!

आजूबाजूच्या बिल्डिंगांतल्या सगळ्या नातूरांनी ती बातमी आपापल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली होती. ऐंशीएक पाठी आल्या होत्या. मृणालिनीताई अबू धाबीहून परतल्या होत्या, त्या खुर्च्या मोजत होत्या आणि खिचडी पुरेल का म्हणून घामाघूम झाल्या होत्या.

“रद्द करू या,” मी म्हणालो.

“वेडे आहात का?” उपेंद्र म्हणाले. “एवढा ऑडियन्स कुठल्या मंत्र्याला मिळत नाही. पाच मिनिटं पाठीवर बोला, मग गाडी हळूच फुटबॉलवर न्या.”

तेवढ्यात क्लिफर्डसाहेब आले. हेरन्सची जर्सी घालून. रांगेतल्या एका केरळी गृहस्थांनी त्यांना प्रेमाने विचारलं, “हाऊ मेनी इयर्स, सर?”

साहेबांना वाटलं, टीमबद्दल विचारतोय. “ऑल माय लाइफ,” ते म्हणाले.

गृहस्थांनी त्यांच्या खांद्यावर सहानुभूतीने हात ठेवला आणि पुढची खुर्ची दिली.

मी स्टेजवर गेलो. समोर ऐंशी पाठदुखी, नऊ मराठी आणि एक अमेरिकन. तयार केलेलं सुरुवातीचं वाक्य आता निरुपयोगी होतं. खरं सांगून माफी मागावी म्हणून मी हिंदीत म्हणालो, “भाई और बहनो, थोडी गलती हो गयी है. मैं डॉक्टर नहीं हूँ. मैं एक ऐसे आदमी के बारे में बोलने आया हूँ जो हर हफ्ते पीठ पर गिरता है.”

कुणीच उठलं नाही. उलट पुढे सरकून बसले.

पहिल्या रांगेत मुक्ताबाई होत्या. इस्लामपूरच्या. मुलाकडे तीन महिन्यांसाठी आलेल्या. तिथल्या एसटी स्टँडवर चौकशीच्या खिडकीत एकोणतीस वर्षं स्टुलावर बसून त्यांची कंबर गेलेली. त्यांनी हात वर केला. “कोण पाडतं त्याला?”

मी स्क्रीनवर व्हिडिओ लावला. वाकलेली माणसं, मागे होलब्रुक, आणि मग त्या म्हशी. ढीग झाला. ढिगाखालून होलब्रुक हळूहळू निघाला, गवत झटकलं आणि पुन्हा जागेवर जाऊन उभा राहिला. हॉलमधून “हाय अल्ला”, “अय्यो” आणि “अगं बाई” एकदमच निघालं.

“अकरा वर्षांत त्याला तीनशे एक्क्याण्णव वेळा असं आडवं केलंय,” मी सांगितलं. एक्सेल आता जिवंत झालं होतं. “आणि त्याने फक्त एकच मॅच चुकवली आहे. ती मुलगी झाली तेव्हा.”

ज्याची पाठ दुखते त्यालाच तीनशे एक्क्याण्णवचा अर्थ कळतो. मिसरी आजोबांनी विचारलं, तो कुठलं तेल लावतो. मी म्हणालो, माहिती नाही. त्यांनी ते निराशेने लिफाफ्यावर लिहून घेतलं.

मग मी लहान पास दाखवले. चार यार्ड. सहा. तीन. “लोक म्हणतात हा नुसता मॅनेजर आहे. लांब फेकत नाही. टाळ्या मिळवत नाही.”

मुक्ताबाई खुर्चीतूनच कडाडल्या. “अहो, मी खिडकीत बसायचे. गाडी वेळेवर लागली, तर खिडकीशी कुत्रं फिरकायचं नाही. उशीर झाला, की माझ्या नावाने शंख! तुमच्या त्या पोराचं तेच झालंय.”

मी हे इंग्रजीत भाषांतर केलं. मग कुणीतरी मल्याळममध्ये केलं, कुणी पश्तोमध्ये. मान डोलावण्याची एक लाट पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत गेली. ज्यांच्या माना दुखत होत्या त्यांनीही डोलावल्या.

क्लिफर्डसाहेब उठले. लाल झाले होते. “यू पीपल डोन्ट अंडरस्टँड,” ते म्हणाले. मग त्यांनी सांगितलं, की कॉलेजात ते स्वतः क्वार्टरबॅक होते. त्यांनी कधी लहान पास दिला नाही. लोक तिकीट काढून येतात ते लांब बॉल बघायला. “लेट मी शो यू अ रिअल थ्रो.”

ते स्टेजवर आले. मी बॉल दिला. बॉल म्हणाला, “चीं.” साहेबांनी एक क्षण माझ्याकडे पाहिलं, पण आता मागे फिरणं शक्य नव्हतं. त्यांनी उपेंद्रांना हॉलच्या पार शेवटच्या भिंतीशी जायला सांगितलं. एक पाऊल मागे घेतलं, खांदा वळवला आणि बॉल सोडला.

थ्रो सुंदर होता, हे मी प्रांजळपणे नमूद करतो. बॉल ऐंशी डोक्यांवरून गिरकी घेत गेला. ओंजळ करून उभ्या असलेल्या उपेंद्रांच्या डोक्यावरून गेला. आणि टेबलावरच्या खिचडीच्या पातेल्यात, साबुदाण्यात खोल रुतून, एक दबलेली “चीं” करून शांत झाला.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेब मात्र फेकल्यावर जसे होते तसेच उभे होते. हात पुढे, कंबर वळलेली, एक पाय उचललेला.

“सर?” मी म्हणालो.

“आय कान्ट मूव्ह,” साहेब ओठ न हलवता म्हणाले.

ऐंशी पाठी एकदम उभ्या राहिल्या. ज्या क्षणाची ते आयुष्यभर वाट पाहत होते तो आला होता: दुसऱ्या कुणाची तरी पाठ! बाम निघाले. पट्टे निघाले. एक पठाण म्हणाला, मी एका झटक्यात सोडवतो. साहेब किंचाळले. मुक्ताबाई म्हणाल्या, “कुणी हात लावू नका, तवा तापवा.” मृणालिनीताई पातेल्यात डाव घालून बॉल शोधत होत्या. उपेंद्रांनी सगळ्यांना एकाच वेळी सल्ला द्यायला सुरुवात केली. क्लिनिक दोन सिग्नलवर होतं, पण साहेब ॲम्ब्युलन्स नको म्हणत होते. जर्सी घालून आडवं बाहेर पडायची त्यांची तयारी नव्हती.

मला काय झालं माहीत नाही. म्हणजे, काहीच झालं नाही. सकाळी चार वाजता ट्रक बंद पडल्याचा फोन आला, की माझ्या डोक्यात जी शांतता पसरते, ती पसरली.

“सर,” मी म्हणालो, “आपण क्लिनिकला जायचं नाही. फक्त स्टेजच्या कडेच्या त्या पडद्यापर्यंत जायचंय.”

मी मिसरी आजोबांची व्हीलचेअर मागून घेतली. दोन फिलिपिनो बायांनी, ज्या घरी म्हाताऱ्यांची देखभाल करतात, साहेबांना सावकाश तीत टेकवलं. पडदा गाठला. मग म्हटलं, आता फक्त दार. दारापर्यंतच्या खुर्च्या उपेंद्रांना हटवायला लावल्या, त्यामुळे त्यांचं तोंडही बंद राहिलं. दारात पाहतो तर रॅम्पसमोर कुणीतरी गाडी आडवी लावून गेलेलं. काचेवर मालकाचा मोबाईल नंबर होता. अवनीने फोन लावून अस्खलित अरबीत बोलणं केलं. आपल्या मुलीला एवढं येतं हे मला तेव्हा समजलं. गाडी हलली. मग रॅम्प. मग केरळी गृहस्थांची सात सीटची गाडी, मधली सीट दुमडून.

गाडीत कुशीवर पडल्यावर साहेबांनी दात आवळून विचारलं, “गुणवंत, तू हे असं तुकड्या-तुकड्यांत का करतोयस?”

“शॉर्ट पासेस, सर.”

साहेबांनी डोळे मिटून घेतले. गाडीत ‘चीं’ करायलाही काही नव्हतं.

क्लिनिकमध्ये इंजेक्शन दिलं, पंधरा दिवस आडवं राहायला सांगितलं. त्या पंधरा दिवसांत साहेबांनी पलंगावरून हेरन्सच्या दोन मॅचेस पाहिल्या. कामावर आले ते कमरेला पट्टा लावून. मला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, होलब्रुकबद्दल माझं मत बदललेलं नाही. तो बोअर आहे. मग बराच वेळ पट्टा सारखा करत राहिले आणि म्हणाले, “पण माझी पाठ त्याच्याएवढी चांगली नाही.” आजपासून जेबेल अली बंदराचा माल पण तू बघ, असंही म्हणाले. मी विचारलं, “ॲज मॅनेजर, सर?” ते म्हणाले, “इन्शाल्ला.” पाच महिन्यांत साहेब दुबईकर झाले होते. पुढे अडीच महिन्यांनी पत्र आलं खरं. त्यात माझ्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं, पण हुद्दा बरोबर होता.

सीझन संपला आणि हेरन्सनी होलब्रुकला काढलं. त्याच्या जागी बावीस वर्षांचा, लांब फेकणारा एक पोरगा आणला. मी ती बातमी ऑफिसात वाचली आणि घरी येऊन सांगितली. अनुपमाने जेवण वाढलं. “एवढं काय मनाला लावून घेतोस?” असं ती म्हणाली नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. तिने फक्त पापड जास्त भाजले.

जेवता जेवता फोन वाजला. इस्लामपूरहून मुक्ताबाई. आता या बाईंना हे कुणी सांगितलं? तर म्हणे, त्यांच्या नातीने मोबाईलवर हेरन्सच्या बातम्या लावून दिल्या आहेत, त्या रोज बघतात.

“काढलं ना हो त्याला?” त्या हॅलोसुद्धा न म्हणता ओरडल्या.

“हो, मुक्ताबाई.”

“आणि कुणाला घेतलंय, ते पोर मी बघितलं. लांब फेकतंय, आणि पडलं की उठायला किती वेळ लावतंय! तिसऱ्या डाऊनला तीन यार्ड पाहिजेत, तर हे बापडं आभाळाकडे बघतंय. तीन यार्ड द्यायला काय जातं? मी आज स्टँडवर सगळ्यांना सांगितलं. आमच्या कंट्रोलरला सांगितलं. तो म्हणतो, बाई, कोण होलब्रुक? म्हटलं, बस इथे, आधी तुला डाऊन म्हणजे काय ते सांगते...”

मी फोन स्पीकरवर टाकला आणि ताटाशेजारी ठेवला. आकडे काढायला मी उठलो नाही. त्यांना सगळे पाठ होते. अनुपमाने मला आणखी भात वाढला, मी खालमानेने जेवत राहिलो, आणि मुक्ताबाई इस्लामपूरहून होलब्रुकची बाजू मांडत राहिल्या.